खालची कडी

माझी बायको गेल्यानंतरही तिच्या नावाने रोज सकाळी मला मेल यायची. यात गूढ काही नाही. धानोऱ्याजवळच्या ज्या लहानशा दवाखान्यासाठी ती काम करायची, त्याचा सर्व्हर तिने उभा केला होता. त्या मशीनने रोज पहाटे स्वतःची तब्येत तपासावी आणि दोन-तीन ओळींत मला कळवावी अशी सोय तिने लावून ठेवली होती. पाठवणाऱ्याच्या जागी तिचं नाव होतं. मजकूर नेहमी तोच: मशीन चालू आहे. जागा पुरेशी आहे. थांबलेलं टपाल नाही. अक्षरं रोमन, भाषा मराठी, कारण त्या काळी मेलमध्ये देवनागरी पाठवली की समोर नुसते चौकोन दिसत.

मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात गणित शिकवत होतो. सकाळी उठून चहाचं आधण ठेवायचो. ते उकळेपर्यंत संगणक सुरू होई, आणि कपात चहा गाळून झाला की तिच्या तीन ओळी वाचायचो. ती पावसाळा संपता संपता गेली, मेंदूपर्यंत चढलेल्या मलेरियाने. त्यानंतर दिवाळी आली नि गेली, थंडीही सरली. घरात बोलण्यासारखं कोणी नव्हतं, त्यामुळे बोलणं होत नसे. त्या तीन ओळी वाचून झाल्या की मात्र मी "बरं" म्हणायचो. दिवसातला पहिला शब्द तो असे, आणि सुटीच्या दिवशी कधी कधी शेवटचाही.

महाशिवरात्रीच्या आठवड्यात एका सकाळी मेल आली नाही.

वीज गेली असेल, असं आधी वाटलं, आणि मग माझं मलाच हसू आलं. ती मशीन चंद्रपूरला नव्हती, धानोऱ्यालाही नव्हती. परदेशातल्या कुठल्यातरी कंपनीच्या इमारतीत होती आणि आपण तिचं महिन्याचं भाडं भरत होतो. त्याला नुकतंच लोक क्लाउड म्हणायला लागले होते. बायकोला तो शब्द फार आवडायचा. दवाखान्यातल्या बायकांना ती सांगायची की आपले रिपोर्ट ढगातून येतात, आणि पावसाळ्यात उशीर झाला की त्या तिला विचारायच्या, ढग भरून आले तरी रिपोर्ट काऊन नाई येत.

संगणकाचा नाद आम्हाला दोघांना बरोबरच लागला. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका मासिकासोबत लिनक्सची सीडी मिळाली होती. बाजारातल्या एका मुस्लिम दुकानदाराकडून घेतलेल्या जुन्या संगणकावर ती चढवता चढवता आमची एक अख्खी उन्हाळी सुटी गेली. पुढे दुसरा संगणक आला. दोन खोल्यांत दोन मशीन आणि मधे दारावरून नेलेली वायर. मशीनला नावं द्यावी लागतात, म्हणून तिने आमच्याकडच्या तलावांची नावं दिली. माझ्या खोलीतली जुनोना. पुढे दवाखान्यासाठी परदेशात भाड्याने घेतली ती घोडाझरी. ती माझ्यापेक्षा भरभर शिकायची. मी पुस्तकात वाचून मग करायचो, ती आधी करायची आणि बिघडलं तर वाचायची.

दवाखान्याने तिला नोकरी देऊ केली तेव्हा तिने धानोऱ्यात खोली घेतली. सोमवार ते शनिवार तिकडे, शनिवारी संध्याकाळी चंद्रपूर. काम असं की चंद्रपूरच्या लॅबमध्ये सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासण्या व्हायच्या, लॅब निकाल घोडाझरीवर टाकायची, आणि घोडाझरी ते दवाखान्याला आणि आजूबाजूच्या उपकेंद्रांना मेलने पाठवायची. त्याआधी कागद हातोहात जायचे आणि वाटेत कुठेही पडून राहायचे.

मेल आली नाही त्या दिवशी दुपारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंचा फोन आला.

"सर, लॅबचे रिपोर्ट येऊन नाही राहिले. लॅबवाले म्हणतात आम्ही टाकले."

"सकाळपासून माझ्याही लक्षात आलं आहे. बघतो."

"सध्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती कागद मागवून राहिलो. पण जत्रेमुळे गाड्याच नाहीत. सगळ्या मार्कंड्याला." मग म्हणाल्या, "सर, तुम्हाला वाईट वाटेल. सोमवारी नागपूरचे लोक येऊन राहिले आहेत. त्यांची स्वतःची मशीन आहे, माणसं आहेत. तोवर हे लागलं नाही तर सगळं त्यांच्याकडे देऊ, आणि जुनी बंद करून टाकू."

"बरोबर आहे. पेशंट थांबत नाहीत."

"आणि बाईंची खोली. नवी सिस्टर येणार आहे. घाई नाही, जमेल तेव्हा."

मी हो म्हणालो. त्यांचं खरोखरच बरोबर होतं. घोडाझरी बंद झाली तर त्या तीन ओळीही बंद होणार, हे त्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने सांगणार? एका दवाखान्याने आपली मशीन चालू ठेवावी, कारण एका माणसाला सकाळच्या चहासोबत मेल लागते, असं थोडंच म्हणता येतं.

घोडाझरीचा पासवर्ड आम्हा दोघांकडेही होता, त्यामुळे शिरायला मला काही अडचण आली नाही. मशीन जिवंत होती, जागा होती, रिपोर्ट येऊन पडले होते. बाहेर मात्र काहीच जात नव्हतं. पाठवायचं टपाल एका रांगेत साचत होतं. त्या रांगेत माझ्या नावाची एक मेल मला दिसली, सकाळची. उघडून वाचता आली असती. मी ती उघडली नाही. पोचली की वाचू, म्हटलं.

मग बिघाड शोधू लागलो. घोडाझरीवरून बाहेरच्या एका मशीनला तिच्या पत्त्याने हाक दिली. मशीनचे पत्ते म्हणजे नुसते आकडे. लगेच उत्तर आलं. म्हणजे रस्ता उघडा होता. मग त्याच मशीनला नावाने हाक दिली. बराच वेळ शांतता, आणि मग निरोप, की हे नाव ओळखता येत नाही. दुसरं नाव दिलं, तिसरं दिलं. तेच. आकडे सांगितले की ओळख पटत होती, नाव सांगितलं की कोणीच कोणाचं नव्हतं.

मशीनला नावं पाठ नसतात. कोणी नाव घेतलं की ती दुसऱ्या एका जाणत्या मशीनला विचारते, या नावाचा पत्ता काय? ती जाणती मशीन कुठे भेटेल हे एका लहानशा फाइलीत लिहिलेलं असतं. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ तिचं नाव. मी ती उघडली. आत एकच पत्ता होता. त्या पत्त्याला हाक दिली, तर तिकडून काही नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर पाहिलं तेव्हा उलगडा झाला. त्यांनी जुन्या मशीन नव्या जागेत हलवल्या होत्या आणि सगळ्या एकदा बंद करून सुरू केल्या होत्या. जुन्या जागेतली ती जाणती मशीन आता तिथे नव्हती. घोडाझरी मात्र अजून तिलाच विचारत होती. विचारायची, वाट पाहायची, पुन्हा विचारायची. कंपनीने आधी सूचना पाठवली असणारच, पण ती बायकोच्या मेलवर गेली असेल, आणि त्या मेलचा पासवर्ड मला माहीत नव्हता.

उपाय सोपा होता. जुना पत्ता खोडायचा, नवा लिहायचा. मशीनचा पूर्ण मालक म्हणून मी आत होतो, लिनक्समध्ये त्या मालकाला कोणी अडवत नाही. मी नवा पत्ता लिहिला आणि फाइल जपून ठेवायला सांगितली.

परवानगी नाही, असं उत्तर आलं.

पुन्हा केलं. परवानगी नाही. फाइल काढून टाकायला गेलो तर तेच. फाइलीचे हक्क तपासले, मालक मीच. शेजारी दुसरी फाइल करून पाहिली, ती झाली. तेवढी एकच फाइल हलत नव्हती. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर तेच करत बसलो, आणि त्याच्या पुढच्या दिवशीही. नवा पत्ता दुसऱ्या आडवाटेने मशीनच्या गळी उतरवायचा प्रयत्न केला, पण टपाल पाठवणारा प्रोग्राम हट्टी, तो त्याच फाइलीकडे पाहायचा. रांग वाढत चालली होती. माझ्या नावाच्या मेलही त्यात एकेक वाढत होत्या. बरं म्हणायला काही नसल्याने सकाळी मी गप्पच चहा प्यायचो. दूध संपलं तर एकदा तसाच कोरा प्यालो आणि कॉलेजात जाईपर्यंत ते माझ्या लक्षातही आलं नाही.

आमचा पहिला संगणक ज्यांच्याकडून घेतला, त्या दुकानदाराला आम्ही चाचा म्हणायचो. मी त्यांच्याकडे गेलो. ते रेडिओ उघडून बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"सर, एकच जागा लिहिता येत नाही ना? डिस्क गई. तुमच्या जुनोनाचं काय झालं होतं? असंच तर सुरू झालं होतं."

ते खरं होतं. जुनोनाची डिस्क मरताना असंच झालं होतं. एकेक फाइल हट्टाला पेटली आणि मग सगळंच बसलं.

"घेऊन या, पाहून घेऊ," चाचा म्हणाले.

"कशी आणू? परदेशात आहे."

"मग मला काय दाखवता? फॉरेनवाल्याले दाखवा." चाचा हसले, मग माझ्याकडे पाहून थांबले. "बसा. चाय सांगतो. घरी कोण आहे घाईचं?"

चाचांच्या तोंडून ते सहज गेलं, त्यांचं त्यांनाच कळलं आणि त्यांनी रेडिओत मान घातली. मी बसलो, चहा घेतला. डिस्क गेली हे मी तिथेच मनात मान्य करून टाकलं. खरं सांगायचं तर थोडं हलकंच वाटलं. मरणाऱ्या डिस्कपुढे कोणाचं काय चालतं. शनिवारी धानोऱ्याला जावं, खोली रिकामी करावी, डॉक्टरबाईंना भेटून मशीन बंद करायला सांगावं, एकाच फेरीत दोन्ही उरकावं, असं ठरवून घरी आलो.

शनिवारी गडचिरोलीपर्यंत गाडी मिळाली, पुढे मिळेना. सगळ्या गाड्या मार्कंड्याच्या जत्रेला लावलेल्या. स्टँडवर भस्म लावलेली, गाठोडी घेतलेली माणसं, आणि सगळी एकाच दिशेची. धानोऱ्याकडे जाणारे आम्ही तीन-चारच. शेवटी एक काळीपिवळी जीप मिळाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पळस पेटलेला होता. मोह अजून टपकायला लागला नव्हता, पण फुलं वेचता यावीत म्हणून झाडांखालचा पालापाचोळा लोकांनी जाळून जागा साफ करून ठेवली होती. बायको दर सोमवारी याच रस्त्याने यायची. मी तिच्यासोबत या रस्त्यावर फार थोड्या वेळा आलो. ती आजारी पडली तेव्हा दवाखान्याची गाडीच तिला चंद्रपूरला घेऊन आली. त्यामुळे खोली ती सोडून गेली तशीच होती.

कौलारू घराच्या एका टोकाला तिची खोली, दुसऱ्या टोकाला घरमालकाचं धान्य, आणि अंगणापलीकडे मासे धरणाऱ्या ढिवराचं घर. त्या घरातली बाई माझ्या ओळखीची नव्हती, फक्त बायकोच्या बोलण्यात तिचा उल्लेख असायचा. तलावातली मासोळी आणून धानोऱ्याच्या बाजारात बसणारी. ती ओसरीवर जाळं पसरून बसली होती. मला पाहून तिने फक्त मान हलवली.

मी कुलूप काढलं, कडी काढली, दार ढकललं. दार हललं नाही. पावसात फुगलं असेल, म्हटलं, उघडलंच कोणी नव्हतं. जोर लावला. मग पिशवी खाली ठेवली आणि खांदा लावला. लाकूड करकरलं, पण दार तिथेच.

"भाऊ, खांदा तुटन तुमचा," मागून आवाज आला. "दार नाई तुटत."

"फुगलं आहे वाटतं."

"फुगलं नाई काई. वरचीच काढली ना तुमी? खालची कोन काढन?"

मी खाली पाहिलं. काही दिसत नव्हतं. ती उठून आली, उंबऱ्याशी बसली आणि दाराच्या फळीखाली हात घातला. तिथे लोखंडी तारेचा एक आकडा होता, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला खिळ्यात अडकवलेला. वरून पाहणाऱ्याला कधी दिसला नसता.

"माकडाले वरची कडी येते," ती म्हणाली. "शिकले ते. एकानं काढली का सारे घुसते, पीठमीठ सांडून टाकते. म्हून इथी सारेच खालची लावते. ते माकडाले नाई येत." आकडा सोडवत तिने माझ्याकडे पाहिलं. "मानसाईलेबी नाई येत काही काही."

मला हसू आलं. तीही हसली.

"ही तुम्ही लावली होती?"

"मी काहाले? बाईनं लावली. गाडी दारात उभी, आंग तापून होतं, उभं राह्यता येत नव्हतं. मी म्हणली, जा तुमी, मी लावते. नाई म्हणे. खाली बसली, लावली, मंगच उठली." तिने दार लोटलं. "मी मंग तशीच ठेवली. बाई येईन तं बाईच काढन म्हटलं."

आत सगळं जागच्या जागी होतं. धूळ होती, पण पीठ सांडलेलं नव्हतं. पलंगाखाली चपला. खिडकीत एक पुस्तक उघडंच पालथं ठेवलेलं. मी ते मिटलं नाही, तसंच पिशवीत ठेवलं. कपडे बांधले. भांडी फार नव्हती. बाई दारात उभी राहून पाहत होती. मदत करू का, असं तिने विचारलं नाही, ते मला बरं वाटलं.

"इतके दिवस काऊन नाई आले?" तिने विचारलं.

"जमलं नाही."

"हव. जमत नाई." मग थोड्या वेळाने, "बाई आमच्या घरी मासोळी खात होती. तुमाले मालूम हाय?"

मला माहीत नव्हतं. आमच्या घरी मासे कधी शिजले नाहीत, आणि ती कधी म्हणालीही नाही.

"घरी सांगू नको म्हणे," बाई म्हणाली. "आता सांगतलं. आता कोन रागावते?" मग तिने आणखी विचारलं, "बाई सांगे का तिची मशीन आभायात हाय. हाय का अजून?"

"आहे. बिघडली आहे."

"तिलेबी माकडं लागले असन," ती म्हणाली आणि जाळ्याकडे परत गेली.

गाठोडी बांधून झाल्यावर मी खोलीबाहेर आलो, वरची कडी लावली. मग वाकून खालचा आकडा चाचपला आणि खिळ्यात अडकवला. पहिल्यांदा तो निसटला. दुसऱ्यांदा बसला. असा उकिडवा बसलो असतानाच मला घोडाझरीची ती फाइल आठवली.

वरची काढली होती. दार उघडलं नाही म्हणून लाकूड फुगलं समजलो. तिकडे मालक म्हणून शिरलो होतो, फाइल हलली नाही म्हणून डिस्क गेली समजलो. दोन्ही दारं एकाच बाईने लावलेली होती, आणि ती कडी कशी लावायची ते मी आत्ता पाहिलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात ती वैतागलेली असायची, हेही आठवलं. घोडाझरी सुरू झाली की तिच्यातला एक प्रोग्राम कंपनीकडून पत्ता मागून आणायचा आणि येताना ती फाइलही नव्याने लिहून टाकायचा. बायकोने पारखून लिहिलेला पत्ता पुसून जायचा, कंपनीने दिलेली जाणती मशीन संथ, त्यामुळे रिपोर्ट रखडायचे. ती पुन्हा लिहायची, तो पुन्हा पुसायचा. हे अनेकदा झालं. मग एका शनिवारी जेवताना म्हणाली, झाला बंदोबस्त, आता कितीही वेळा सुरू होऊ दे. कसा, ते मी विचारलं नव्हतं. ती पुढच्या विषयावर गेली होती.

डॉक्टरबाईंना भेटायला दवाखान्यात गेलो, पण मशीन बंद करा असं सांगितलं नाही. "उद्याचा दिवस द्या," म्हणालो.

"सोमवार दुपारपर्यंत वेळ आहे, सर," त्या म्हणाल्या. त्यांनी गाठोड्यांकडे पाहिलं आणि दवाखान्याच्या गाडीने मला गडचिरोलीपर्यंत सोडायची व्यवस्था केली.

रविवारी सकाळी चहा बाजूला ठेवून बसलो. दुसरी कडी असणार हे ठरल्यावर ती शोधायला फार वेळ लागला नाही. लिनक्सच्या मदतीच्या पानांत वाचत गेलो. मालकालाही बदलता येणार नाही अशी फाइल करायची सोय तिथे होती. नेहमीच्या हक्कांत ती दिसत नाही, तिच्यासाठी वेगळं विचारावं लागतं. मी विचारलं. आडव्या रेघांची एक रांग उमटली आणि त्या रेघांमध्ये एकच लहान अक्षर होतं. आय. तिची खालची कडी.

मी लगेच ती काढली नाही. ती तिने स्वतः लावलेली होती, शेवटची नसेल, पण तिच्या हातची. काल धानोऱ्याला दुसरी एक निघाली होती, तीही मी काढली नव्हती, शेजारणीने काढली. चहा निवत गेला. बाहेर पोळपाटावर लाटण्याचा आवाज येत होता, वरच्या मजल्यावरच्यांचा. शेवटी मी आदेश दिला. ते अक्षर गेलं आणि त्याच्या जागी इतरांसारखीच एक रेघ आली.

नवा पत्ता लिहिला. या वेळी फाइल काही बोलली नाही. बाहेरच्या मशीनला नावाने हाक दिली. नाव ओळखलं. दुसरं दिलं, ओळखलं. मग टपालाची रांग मोकळी करायला सांगितलं.

पावसाळ्यात धानोऱ्याची लाइन किती किती दिवस बंद असते हे माहीत असल्याने, अडलेलं टपाल फेकून न देता नेहमीपेक्षा जास्त दिवस धरून ठेवायचं असं तिने घोडाझरीला शिकवलं होतं. त्यामुळे काही हरवलं नव्हतं. रिपोर्ट उपकेंद्रांकडे जाताना दिसत होते, एकामागून एक. डॉक्टरबाईंचा फोन आला. "सर, ढीगभर आले. एकदम." मग म्हणाल्या, "नागपूरवाल्यांना मी सध्या थांबवते." आणि फोन ठेवता ठेवता, "पाठवणाऱ्यात अजून बाईंचंच नाव दिसते, सर. बदलाल ना कधी?"

"बदलीन," मी म्हणालो. "कधीतरी."

तोवर माझ्याही मेल आल्या होत्या, इतक्या दिवसांच्या सगळ्या एकत्र. मी त्या तारखेप्रमाणे लावल्या आणि जुनी आधी वाचली. मशीन चालू आहे. जागा पुरेशी आहे. तिसरी ओळ वेगळी होती. थांबलेलं टपाल आहे. पुढच्या दिवशीची उघडली, त्यातही होतं, थांबलेल्याचा आकडा मोठा. त्याच्या पुढची, आणखी मोठा. रोज पहाटे ती खरं तेच कळवत होती, की काहीतरी अडलं आहे, पाहा. आणि ते कळवणंही त्याच रांगेत अडून बसलं होतं. मी प्रत्येकीला बरं म्हणालो. मोठ्याने.

मग घोडाझरीवर परत गेलो. फाइल उघडी ठेवली तर मशीन पुन्हा सुरू होईल तेव्हा तो प्रोग्राम येईल आणि सगळं पुसून जाईल, त्याला वरची कडी येत होती. कडी लावली तर पुढे कधी कंपनीने पुन्हा जागा बदलली की पुन्हा अडेल, आणि तेव्हा इथे मी असेनच असं नाही. फाइलीच्या सुरुवातीला माणसांसाठी एक ओळ लिहायची सोय असते, मशीन ती वाचत नाही. तिथे रोमन अक्षरांत लिहिलं, खालची कडी लावलेली आहे, आधी ती काढा. आणि मग लावली.

सोमवारी सकाळी एकच मेल होती. मशीन चालू आहे. जागा पुरेशी आहे. थांबलेलं टपाल नाही. बायकोच्या सामानाची पिशवी अजून दाराशीच होती. मी चहा गाळला, पिशवीतलं पुस्तक काढलं आणि ती जिथे थांबली होती तिथून वाचायला बसलो.